जुनं आउटबोर्ड घेताय? मशीन खालून वर बघा

जुनं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला लावायचं मशीन, विकणारा माणूस आधी काय करतो, तर वरचं कव्हर काढतो. आत सगळं चकाचक. डिझेलने पुसलेलं, वर स्प्रे मारलेला, स्पार्क प्लग कोरे. दोरीला एक झटका दिला की मशीन चालू. घेणारा खूश.

मीही असाच खूश झालो होतो. पहिलं ९.९ हॉर्सपॉवरचं घेतलं तेव्हा कव्हर काढून बघितलं, आवाज ऐकला, पैसे मोजले आणि टेम्पोत घातलं. पंधरा दिवसही झाले नसतील, संध्याकाळी जाळी उचलून परत येताना खाडीच्या तोंडाशी मशीन एकदम जोरात ओरडायला लागलं आणि होडी जागच्या जागी. ओहोटी लागलेली, पाणी बाहेर ओढत होतं. आम्ही दोघांनी वल्ही मारत तासाभराने किनारा गाठला. दुसऱ्या दिवशी मेस्त्रीने मशीनचा खालचा पाय, म्हणजे पाण्यात राहणारा गिअरचा भाग, उघडला. आत तेल नव्हतंच. गढूळ पाणी होतं आणि गिअरचे झिजून गंजलेले दात. त्याने एवढंच विचारलं, "घेताना खालचो स्क्रू उघडून बघलंस?"

बघितला नव्हता. त्याला एक रुंद तोंडाचा स्क्रूड्रायव्हर आणि पाच मिनिटं लागतात. तेव्हापासून कोणाहीबरोबर मशीन बघायला गेलो की मी कव्हरला शेवटी हात लावतो. खाऱ्या पाण्यातलं मशीन खालून मरत वर जातं, आणि रंगरंगोटी मात्र वरून सुरू होते. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे, म्हणजे खालून वर. सोळा ते बावीस फुटांच्या फायबर होडीवर जाळं टाकणाऱ्या किंवा गरवायला जाणाऱ्या आणि पहिल्यांदाच आउटबोर्ड घेणाऱ्या माणसासाठी.

आधी आपल्या होडीचं माप

मशीन बघायला निघण्याआधी आपल्याच होडीकडे टेप घेऊन जा. ज्या मागच्या फळीवर मशीन अडकवायचं, तिच्या वरच्या कडेपासून होडीच्या तळापर्यंत सरळ उभं माप घ्या. ते १५ इंचांच्या आसपास आलं तर शॉर्ट शाफ्ट, म्हणजे आखूड पायाचं मशीन, २० इंचांच्या आसपास आलं तर लाँग शाफ्ट, म्हणजे लांब पायाचं. मशीनवर हेच माप क्लॅम्प जिथे फळीवर बसतो तिथपासून पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरच्या आडव्या चपट्या प्लेटपर्यंत घेतात. मशीन बसवल्यावर ती प्लेट होडीच्या तळाच्या बरोबरीने किंवा इंचभर खाली यायला हवी.

शॉर्ट शाफ्ट उंच फळीवर लावलं तर पंखा वर राहतो, लाटेवर होडी उचलली की हवा खातो, मशीन नुसतं ओरडतं. लाँग शाफ्ट बुटक्या फळीवर लावलं तर पाय खोल जातो, पाणी कापताना ताकद वाया जाते आणि खाडीतल्या खडपाला आधी तोच लागतो. "स्वस्तात मिळालं म्हणून लाँग घेतलं, फळीवर लाकडी ठोकळा मारू" असं करणारे आहेत. फळीवर नंतर मारलेला ठोकळा आणि त्यावर ३५ किलोचं हलणारं मशीन हा प्रकार मला तरी पसंत नाही.

फळीही ठोकून बघा. फायबरच्या आत बहुतेक वेळा लाकूड असतं, आणि बोल्टच्या भोकातून पाणी शिरून ते कुजतं. टणक आवाज आला तर ठीक, भदभद आला तर मशीनचे पैसे आधी फळीवर खर्च होणार आहेत. होडीवर किती हॉर्सपॉवरपर्यंत लावता येतं हे बांधणाऱ्याला विचारा. दोन माणसं, जाळं आणि मासळीची टोपली एवढ्या भाराच्या होडीला ९.९ पुरतं. खाडीतून बाहेर पडून रोज लांब जायचं असेल तर १५ बघा.

आणि एक फोन आधीच करून ठेवा, आपल्या बंदरावरच्या मेस्त्रीला. यामाहा, सुझुकी, तोहात्सू, मर्क्युरी यांत कोणतं चांगलं यावर बंदरावर दिवसभर वाद घालता येईल. पण आपला मेस्त्री कोणतं डोळे मिटून उघडतो आणि कोणाचा इंपेलर (थंड करणारं पाणी वर ढकलणारा रबरी पंखा) त्याच दिवशी मिळतो, हे जास्त महत्त्वाचं. सुट्या भागांसाठी आठवडाभर होडी वाळूत ठेवायची वेळ आली तर स्वस्त मशीन महाग पडतं.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक

थोडक्यात सांगतो. टू-स्ट्रोक हलकं, साधं, गावात दुरुस्त होणारं. पेट्रोल जास्त पितं आणि त्यात तेल मिसळावं लागतं. फोर-स्ट्रोक कमी पितं, आवाज कमी, धूर नाही. पण वजनाला जास्त, वेळच्या वेळी इंजिन ऑइल बदलावं लागतं आणि बिघडलं तर खर्च मोठा. पहिलंच मशीन जुनं घेत असाल तर दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक घ्या. त्यात लपवायला जागा कमी असते. लेखाचा पुढचा भाग मुख्यतः त्यालाच धरून आहे.

कधी घ्यायचं, कोणाकडून

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. होड्या वर ओढल्या की मशीनं घरात येतात, आणि ज्याला विकायचं आहे त्याला पावसाळाभर ते सांभाळायचं नसतं. त्यामुळे एप्रिलअखेर ते मेचा दुसरा-तिसरा आठवडा हा घेण्याचा काळ. होड्या अजून पाण्यात असतात, म्हणजे चालवूनही बघता येतं. नारळी पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात घ्यायला गेलात तर सगळ्यांनाच मशीन हवं असतं. तेव्हा भाव विकणारा ठरवतो आणि तपासायला वेळही देत नाही.

कोणाकडून घ्यायचं, तर शक्यतो मासेमाराकडून. रोज सुकतीला जाऊन भरतीला परत येणाऱ्या माणसाचं मशीन दिसायला खरवडलेलं असेल, पण त्याने ते चालतं ठेवलेलं असतं. तारकर्ली-देवबागकडे किंवा गोव्यात पर्यटकांच्या बोटींवर चाललेली मशीनंही विकायला येतात. ती टाकाऊ असतात असं नाही, पण दिवसभर फुल थ्रॉटलवर आणि हात बदलत चाललेली असतात. घ्यायचीच तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघून भाव करा.

तिसरा प्रकार म्हणजे बुडून वर आलेलं मशीन. जून २०२०मध्ये निसर्ग आणि मे २०२१मध्ये तौक्ते, या वादळांत किनाऱ्यावर किती होड्या उलटल्या हे आपण बघितलंय. होडी बुडली की मशीन बुडतं. वर काढल्यावर काही तासांत गोड्या पाण्याने धुऊन, सगळं पाणी काढून, तेल घालून फिरवलं तर ते वाचतं. दोन दिवस तसंच पडलं तर बेअरिंग आतून गंजायला लागतात. असं मशीन साफ करून चालू करता येतं, विकताही येतं. किती दिवस चालेल हे मात्र त्यावर लिहिलेलं नसतं. त्याच्या खुणा पुढे कव्हर उघडू तेव्हा सांगतो.

जाताना काय न्यायचं

टॉर्च, प्लगचा पाना, रुंद स्क्रूड्रायव्हर, पांढऱ्या फडक्याचा तुकडा, एक स्टीलची ताटली, काळा मार्कर आणि कॉम्प्रेशन गेज. गेज मेस्त्रीकडून उसना घ्या, किंवा मेस्त्रीलाच त्याची दिवसाची मजुरी देऊन घेऊन जा. आणि विकणाऱ्याला फोनवर नीट सांगा: "दादा, मी येईपर्यंत मशीन चालू करू नका, थंडच असू दे."

पोचलात की आधी हात लावा. गरम लागलं तर त्याने आधी चालू करून ठेवलंय. कदाचित सहज. कदाचित थंड असताना वीस झटके मारावे लागतात म्हणून. चहा घ्या, गप्पा मारा, पूर्ण थंड होऊ द्या.

पहिली पायरी: पंखा आणि त्यामागचा तंगूस

गिअर न्यूट्रलला टाका आणि पंखा हाताने फिरवा. मोकळा, गुळगुळीत फिरला पाहिजे. करकर किंवा खडखड नको. फिरवताना शाफ्टच्या टोकाजवळ मार्करचं टोक स्थिर धरा. टोक आणि शाफ्टमधलं अंतर एकसारखं राहिलं तर शाफ्ट सरळ. एकदा जवळ, एकदा लांब होत असेल तर कधीतरी दगडावर आपटून वाकलाय, आणि वाकलेला शाफ्ट तेल आत आणि पाणी बाहेर ठेवणारं सील टिकू देत नाही. पात्यांच्या कडा थोड्या चेपलेल्या असतील तर हरकत नाही, घासून सरळ करता येतात.

आता फॉरवर्डला टाकून फिरवा. पंखा अडला पाहिजे. काही मशीनमध्ये तो एका दिशेला अडतो आणि उलट दिशेला टकटक करत फिरतो, ते चालतं. रिव्हर्समध्येही तसंच बघा. मशीन बंद असताना गिअर घट्ट वाटतो, म्हणून तो टाकताना पंखा थोडा थोडा हलवत राहा, जबरदस्ती करू नका.

मग पिन काढून, नट सोडून पंखा उतरवा. विकणारा तोंड वाकडं करेल. करू दे. पंख्याच्या मागे शाफ्टभोवती बघा, तंगूस (नायलॉनचा धागा) गुंडाळलेला आहे का. जाळ्याचा किंवा गरीचा तंगूस शाफ्टभोवती फिरत फिरत आत जातो, तापतो आणि सीलची रबरी कड कापतो. तिथून पाणी आत, तेल बाहेर. तंगूस सापडला म्हणजे मशीन गेलंच असं नाही, पण पुढची पायरी अजिबात चुकवू नका.

दुसरी पायरी: तो खालचा स्क्रू

पायाच्या खाली, पंख्याच्या पुढच्या बाजूला एक मोठा स्क्रू असतो आणि वर प्लेटच्या आसपास दुसरा. मशीन उभं ठेवा. खाली ताटली धरा. खालचा स्क्रू हळू सैल करा, वरचा घट्टच ठेवा, म्हणजे तेल भळाभळा येणार नाही, थेंब-थेंब येईल. मशीन रात्रभर उभं असेल तर तेलात पाणी असल्यास ते जड म्हणून खाली बसतं आणि सगळ्यात आधी तेच बाहेर येतं. मशीन हलवून, चालू करून मग तपासलं तर हे कळत नाही. म्हणून ही तपासणी मशीन चालू करण्याआधी करायची.

ताटलीत काय दिसतं ते असं:

— मधासारखं किंवा थोडं काळपट, पण स्वच्छ तेल: उत्तम. काळपटपणा वापराचा.

— आधी पाण्याचे चार थेंब, मग तेल: सील गळतंय. सील किट आणि मजुरी किमतीतून वजा.

— दुधाचा चहा असावा तसं फिकट, फेसाळ: पाणी बरेच दिवस आत आहे आणि गिअर त्यातच फिरलेत. बेअरिंगवर गंज असणार. मी अशा वेळी ताटली पुसतो, स्क्रू परत लावतो आणि निघतो.

— एकदम नवं, पारदर्शक तेल: जपून. काल-परवाच बदललंय. "का बदललं?" विचारा. सर्व्हिसिंग केली असेल तर पाण्यात चालवून आल्यावर पुन्हा थेंब काढून बघा, पाणी शिरत असेल तर तेवढ्यातही रंग फिकटतो.

स्क्रूच्या टोकाला बहुतेक वेळा चुंबक असतो. त्यावर राखाडी चिकट लगदा असणं साहजिक आहे. फडक्यावर पुसून बोटांत चोळा. पिठासारखा मऊ लागला तर ठीक, किसासारखे टोचणारे तुकडे लागले तर गिअरचे दात तुटतायत.

तिसरी पायरी: पाणी कुठून येतं, कुठे जातं

आउटबोर्ड समुद्राच्याच पाण्याने थंड होतं. पायात एक छोटा रबरी पंखा असतो, इंपेलर. तो पाणी वर ढकलतो, ते ब्लॉकभोवती (इंजिनाच्या मुख्य भागाभोवती) फिरतं आणि मागून एक चिळकांडी बाहेर पडते. ती चिळकांडी म्हणजे मशीनची नाडी. पण विकणारा ती दाखवून "बघा पाणी कसं मारतंय" म्हणतो तेव्हा एवढंच सिद्ध होतं की इंपेलर जिवंत आहे. ब्लॉकच्या आतल्या वाटा मिठाने बुजल्यात का, हे त्यावरून कळत नाही. ते कळतं हेडवर (सिलिंडरच्या झाकणावर) हात ठेवून आणि भारावर चालवून.

आत्ता, बंद असतानाच एवढं करा. पायाच्या दोन्ही बाजूंच्या पाणी आत घेणाऱ्या जाळीत टॉर्च मारा. शिंपले, चिखल, रंगाचे थर आहेत का? जाळीवर रंग चढलेला असेल तर रंग मारणाऱ्याला मशीनशी देणंघेणं नव्हतं. मग पंख्याच्या वरचा जस्ताचा तुकडा, अ‍ॅनोड, शोधा. तो झिजण्यासाठीच असतो, म्हणून अर्धा खाल्लेला दिसला तर चांगलं. पूर्ण संपला असेल, तर त्यानंतर मिठाने मशीनचा अ‍ॅल्युमिनियमच खाल्लाय. आणि अ‍ॅनोडवर रंग मारला असेल तर तो असून नसल्यासारखा.

मधला भाग पटकन बघून होतो. क्लॅम्पचे स्क्रू हाताने फिरतात का? मशीन वर उचलून अडकवता येतं का? डावी-उजवीकडे वळतं का, की ग्रीस सुकून जाम झालंय? हँडल वर-खाली करून बघा, बुशिंग गेली असतील तर ते खुळखुळतं. रंगाखाली फोड आलेत का बघा, नखाने उचलला आणि खालून पांढरी भुकटी आली तर तिथे क्षार बसलाय. वरवर असेल तर काही नाही, पण क्लॅम्पच्या सांध्यात किंवा बोल्टच्या भोकात असेल तर उद्या तो बोल्ट मोडणार.

आता कव्हर काढा

आधी नुसतं बघा आणि वास घ्या. हेडवरचा रंग करपून तपकिरी झाला असेल किंवा तिथेच नवा मारला असेल, तर मशीन कधीतरी पाण्याशिवाय तापलंय. हेडच्या सांध्यातून मिठाचे पांढरे ओघळ आले असतील तर गॅस्केट गळतंय. बोल्टच्या डोक्यांवर पान्याच्या ताज्या खुणा असतील तर ते उघडलेलं आहे. उघडणं वाईट नाही. कशासाठी उघडलं याचं उत्तर सरळ आलं पाहिजे.

बुडालेल्या मशीनच्या खुणा फडकं पोचत नाही तिथे मिळतात. वायरींच्या जोडांत हिरवा-पांढरा क्षार, फ्लायव्हीलच्या (वरच्या जड चाकाच्या) खाली बारीक वाळू, कव्हरच्या आतल्या फोममध्ये सुकलेला गाळ. टॉर्च इथेच मारायचा.

मग प्लग काढा आणि कोणता कुठल्या सिलिंडरचा हे लक्षात ठेवा. टोक बिस्किटासारखं तपकिरी असेल तर जळण बरोबर. काळं आणि ओलं म्हणजे तेल जास्त किंवा ठिणगी कमजोर. एक प्लग काळपट आणि दुसरा धुतल्यासारखा स्वच्छ, असं दिसलं तर त्या स्वच्छ प्लगच्या सिलिंडरात पाणी जातंय. दोन्ही कोरे नवे असतील तर जुने कुठे आहेत ते विचारा. खरा मासेमार जुने प्लग टाकत नाही, डब्यात असतातच.

प्लग बाहेर आहेत तोवर कॉम्प्रेशन. मशीन पेट घेऊ नये म्हणून स्टॉप स्विचची क्लिप काढून ठेवा, थ्रॉटल पूर्ण उघडा, गेज एका भोकात लावा आणि काटा थांबेपर्यंत पाच-सहा वेळा दोरी ओढा. आकडा लिहा. दुसऱ्या सिलिंडरला तसंच. आकड्यापेक्षा फरक बघायचा. एकात ११० आणि दुसऱ्यात १०५ पीएसआय, काही अडचण नाही. एकात ११५ आणि दुसऱ्यात ८० असेल तर रिंग किंवा सिलिंडर गेलाय, ते मशीन बोअरला न्यावं लागणार. दोघांत १० टक्क्यांहून जास्त फरक मला नको असतो. फोर-स्ट्रोकमध्ये दोरी हलकी जावी म्हणून दाब सोडण्याची सोय असते, तिथे गेज मुळातच कमी दाखवू शकतं, त्यावरून घाबरू नका.

स्टिकरवर विश्वास ठेवू नका

यामाहाचं टू-स्ट्रोक ९.९ आणि १५ दोन्ही २४६ सीसी. सुझुकीचं डीटी ९.९ आणि डीटी १५ दोन्ही २८४ सीसी. बाहेरून सख्खी भावंडं. त्यामुळे ९.९वर १५चं स्टिकर चढवून विकणं अवघड नाही. क्लॅम्पच्या ब्रॅकेटवर छोटी पट्टी असते, तिच्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर असतो. फोटो काढा आणि मॉडेलची अक्षरं डीलरला विचारा. पट्टीच नसेल, किंवा नंबर घासलेला असेल, तर पुढे बोलू नका. चोरीचं आउटबोर्ड कोणाच्या तरी घरचा वर्षभराचा घास असतो.

थंड सुरुवात, मग पाण्यात

ड्रममध्ये पंख्याच्या वरची प्लेट बुडेल एवढं पाणी घ्या. पाण्याशिवाय "पाचच सेकंद" चालू करू देऊ नका, इंपेलर तेवढ्यातही करपू शकतो. चोक ओढून थंड मशीन तीन-चार झटक्यांत यायला हवं. सुरुवातीचा निळसर धूर टू-स्ट्रोकचा असतोच. चिळकांडी काही सेकंदांत आली पाहिजे. पाचेक मिनिटांनी हात लावून बघा: हेड गरम पण हात टेकवता येईल इतपत, चिळकांडीचं पाणी कोमट.

ड्रममधली परीक्षा इथे संपते. ड्रममध्ये भार नसतो आणि अर्धमेलं मशीनही तिथे गाणं म्हणतं. होडीवर लावा आणि खाडीत न्या. नेण्याआधी पंख्याच्या मधल्या तुंब्यावर मार्करने सरळ रेघ ओढा, आतल्या धातूपासून रबरावरून बाहेरच्या भागापर्यंत. होडीत दोन-तीन माणसं बसवा. दहा मिनिटं फुल थ्रॉटल, मग एकदम हळू, मग गिअर बदलून रिव्हर्स. मशीन ओरडतंय आणि होडी वेग घेत नाही असं झालं तर परत आल्यावर ती रेघ बघा. तुटली असेल तर पंख्याचं रबर सरकतंय. ते पंख्याचं दुखणं आहे, मशीनचं नाही, स्वस्तात सुटतं. रेघ सरळ असूनही ताकद नसेल तर दुखणं वर आहे.

शेवटी खाडीच्या मध्यावर मशीन बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा चालू करा. गरम असताना न येणारी मशीनं असतात; प्लगला वीज देणारी कॉइल तापली की ठिणगी देणं बंद करते. किनाऱ्यावर हा दोष दिसत नाही. जाळं टाकून दोन तासांनी, वारा उठल्यावर दिसतो.

भाव आणि कागद

डीलरकडून नव्याची आजची किंमत विचारून जा. माझा साधा हिशेब: सगळ्या पायऱ्या पार केलेल्या मशीनलाही मी नव्याच्या निम्म्याच्या वर जात नाही, आणि त्यातून इंपेलर किट, सील, प्लग, पेट्रोलची नळी यांचा खर्च आणि मेस्त्रीची मजुरी वजा करतो. दोष मोठ्याने मोजून दाखवून भाव पाडणं मला जमत नाही. ताटली समोर ठेवतो, गेजचे आकडे कागदावर लिहितो आणि कागद त्याच्याकडे सरकवतो.

मूळ बिल मागा. मशीन सरकारी अनुदानातून किंवा मच्छीमार सोसायटीच्या कर्जातून घेतलेलं असेल तर मंजुरीचं पत्र बघा, त्यात विक्रीच्या अटी असतात. कर्ज फिटल्याचा दाखला सोसायटीकडून लेखी घ्या, तोंडी नको. विक्रीपावतीवर मॉडेल, सिरियल नंबर, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या आणि एक साक्षीदार. शक्य असेल तर पैसे बँकेतून द्या. होडी नोंदणीकृत असेल तर इंजिन बदलल्याचं मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याला कळवा, विमा असेल तर विमावाल्यालाही.

घरी आणल्यावर

आणतानाच चुकू नका: मशीन टेम्पोत उभं बांधा किंवा आडवं ठेवायचं तर डोकं पायापेक्षा वर राहू द्या, नाहीतर पायातलं उरलेलं पाणी सिलिंडरकडे जातं.

चालत असलं तरी इंपेलर नवा टाका. गिअर ऑइल बदला. ते खालच्या भोकातून वर भरायचं, वरच्या भोकातून बाहेर आलं की आधी वरचा स्क्रू लावायचा, मग खालचा, आणि दोन्हींचे वॉशर नवे. पेट्रोलच्या नळ्या जुन्या असतील तर बदला: पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला फुगवतं आणि हवेतला ओलावा ओढतं. म्हणून टाकीत महिनाभर पेट्रोल साठवून ठेवू नका. कार्बोरेटर साफ करून घ्या.

तेल मोटारसायकलचं टू-टी नको. ते हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं आउटबोर्डचं तेल घ्या. कंपनीने ५०:१ सांगितलं असेल तर लिटरला २० मिली, १० लिटरला २०० मिली. अंदाजाने ओतू नका, औषधाच्या बाटलीचं माप वापरा. "थोडं जास्त टाकलं की मशीन टिकतं" म्हणणाऱ्यांचे प्लग दर आठवड्याला काळे होतात.

रोज आल्यावर दहा मिनिटं गोड्या पाण्यात चालवा. एवढं केलं तरी पुष्कळ.

पहिले काही दिवस खाडीतच फिरा. वल्ही, नांगर, सुटे प्लग आणि प्लगचा पाना होडीत असू द्या. मशीनला जाड दोरीने होडीशी बांधा, क्लॅम्पचे स्क्रू थरथरीने सैल होतात आणि नवशिक्याची मशीनं अशीच तळाला गेलीत. स्टॉप स्विचची दोरी मनगटाला अडकवा, एकटे असाल तर न चुकता.

आणि दहा तास चालून झाले की एका सकाळी, मशीन चालू करण्याआधी, खाली ताटली धरून तो खालचा स्क्रू पुन्हा उघडा. तेल भरलं तसंच स्वच्छ आलं तर वॉशर लावून बंद करा आणि खाडीच्या तोंडापलीकडे जा.